हात वर झालेली वाक्यं

खिल्लारे बाईंच्या वर्गात हात मोजल्याशिवाय कुठलंही वाक्य फळ्यावर जात नसे. एखादं लेकरू उभं राहून म्हणे, “आमच्या गावात पंधरा हिरी हायेत.” बाई खडू हातात धरून वर्गाकडे तोंड करत आणि विचारत, “बराबर हाय का?” ज्यांना ते खरं वाटे ते हात वर करत. सगळे हात वर झाले तरच वाक्य फळ्यावर. एक जरी हात खाली राहिला तर बाई त्या लेकराजवळ जाऊन उभ्या राहत. “काहून रे?” ते म्हणे, “चौदा हायेत. येक बुजवली.” मग दुपारच्या सुट्टीत दोघं-तिघं जाऊन बुजवलेली विहीर पाहून येत आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘चौदा’ लिहिलं जाई. विधानसभेत मी कधी गेलो नाही; पण तिथं एका आकड्याची एवढी चौकशी होत असेल असं वर्तमानपत्रांवरून तरी वाटत नाही.

मी त्या भागाचा केंद्रप्रमुख होतो. दहा-बारा शाळांना ‘शैक्षणिक मार्गदर्शन’ करायचं, असं आमच्या नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात वरून आलेला कागद खाली न्यायचा आणि खालून आलेला वर. मध्ये स्वतःचं मत घालायचं नाही, कारण त्यासाठी नमुन्यात रकाना नसतो. मला हे काम जमत होतं. थकल्या माणसाला ते चांगलं जमतं.

दोन हजारनंतरची सहा-सात वर्षं उलटली होती. शाळांतून संगणक आले होते आणि बहुतेक ठिकाणी ते टॉवेलाखाली झोपलेले होते. हिंगोलीला एक बैठक झाली. पुण्याहून आलेल्या एका तरुण तज्ज्ञाने पडद्यावर ‘वर्गाचा ब्लॉग’ दाखवला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही. वर्गाने मिळून लिहायची, जगाने वाचायची आणि वाचणाऱ्याने खाली आपला अभिप्राय लिहायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाल्यावर कळलं की प्रत्येक केंद्राने आजच एका शाळेचं नाव द्यायचं आहे. मी खिल्लारे बाईंचं नाव दिलं. त्या बैठकीला त्या गैरहजर होत्या, एवढीच त्यांची पात्रता.

बाईंची शाळा सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, दोन्ही बाईंकडे. बाई नरसीजवळच्या एका बौद्ध कुटुंबातल्या. घरातल्या पहिल्या शिकलेल्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने वाळक्या, गुडघ्यांनी हैराण. राहायच्या हिंगोलीत. त्यांचे मालक एसटीत वाहक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ते खाटेला खिळले. बाई पहाटे उठून त्यांचं सगळं आवरत, साडेसातला घर सोडत, बसने सेनगाव, तिथून जीप. दुपारचा घास शेजारीण भरवायची. संध्याकाळी बाई घरी पोचेपर्यंत मालक दाराकडे तोंड करून पडलेले असायचे. हिंगोलीतल्या शाळेत बदली मिळावी म्हणून बाई दर वर्षी अर्ज करत. मी दर वर्षी त्यावर ‘शिफारस आहे’ असं लिहून सही करत असे. माझ्या शिफारशीला वर काय किंमत होती ते त्या अर्जांच्या वाढत्या संख्येवरून कळत होतं.

ब्लॉगचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “गावात इंटरनेट हाय का सर?”

“नाही.”

“मंग?”

“बाई, दोन-तीन पानं टाका. फोटो काढू, अहवाल पाठवू. झालं.”

बाई म्हणाल्या, “लेकरांनी लिव्हलं आन् मीच तपासलं, असं तीस साल झालं. दुसरं कोणी वाचणार आसंल तर लिव्हू. पर मंग खोटं न्हाई लिव्हायचं.”

पहिल्या वाक्याला तीन दिवस लागले. एकाने सुचवलं, “आमच्या गावात एक शाळा आहे.” हात वर गेले. तिसरीतल्या अर्चनाने मात्र हात वर केला नाही. ही मुलगी बारीक, दातांत फट असलेली, आणि कुणाचंही ऐकून न घेणारी. ती म्हणाली, “ते तर समद्याच गावात असती. त्यात काय सांगायचं?” बाईंना हरकत पटली. बराच खल झाला आणि तिसऱ्या दिवशी वाक्य ठरलं: ‘आमच्या शाळेला सहा खिडक्या आहेत, त्यातल्या पाच उघडतात.’ मी तेव्हा मागच्या बाकावर बसून शेरेबुक भरत होतो. त्या शाळेत मी चार वर्षं जात होतो. खिडक्या मी मोजल्या नव्हत्या.

आठवडाभरात फळ्यावर जमलेलं पान बाई रजिस्टरमध्ये उतरवत. शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की जीप, बस, आणि हिंगोलीत उतरल्यावर घरी जाण्याआधी स्टँडसमोरचा नेट कॅफे. तिथं कॉलेजची पोरं पडदे ओढून बसलेली आणि मध्ये बाई, मांडीवर रजिस्टर, ओळीवर पट्टी, उजव्या हाताचं एक बोट. कॅफेवाल्या भाईंना त्यांची दया येई. “मॅडम, एक उंगलीसे कब होएंगा? लाओ, मैं मारता.” बाई म्हणत, “नको भाई. तुमी भरभर मारताल आन् एखादं लेकरू सुटंल.” प्रत्येक वाक्यापुढे ते सुचवणाऱ्या मुलाचं नाव असे, ते सुटता कामा नये. वीज गेली की त्या बसून राहत, आली की पहिल्यापासून. तिकडे मालक वाट बघत असणार हे त्यांना माहीत होतं. मी एकदा म्हटलं, “बाई, पुढच्या शनिवारी टाका की.” तर म्हणाल्या, “लेकरांनी हात वर केलेत सर. ते सोमवारी इचारतेत.”

मुलांपैकी कुणीच तो ब्लॉग पडद्यावर पाहिला नव्हता. बाई अभिप्राय कागदावर छापून आणत आणि वर्गात वाचून दाखवत. पहिला अभिप्राय आला तो कुणा पुण्याच्या गृहस्थांचा: ‘खूप छान, बाळांनो! असेच लिहीत राहा.’ बाईंनी सवयीने विचारलं, “बराबर हाय का?” वर्ग विचारात पडला. अर्चना म्हणाली, “त्यायनं वाचलं का न्हाई, कसं कळंल?” मग ठराव होऊन उत्तर गेलं: ‘आपण आमचं कोणतं वाक्य वाचलं ते कळवावे.’ त्या गृहस्थांना असा हिशोब आयुष्यात कुणी मागितला नसावा. पंधरा दिवसांनी त्यांनी मोठं पत्रच लिहिलं. खिडकीचं वाक्य वाचलं होतं, आणि सहावी खिडकी का उघडत नाही असं त्यांनी विचारलं होतं. वर्गाने पाहणी केली. खिडकीच्या बाहेरून समाजमंदिराची भिंत आली होती. तसं कळवलं गेलं.

हात वर करून सत्य ठरवण्याचे धोकेही त्यांनी पाहिले. एकदा सगळ्यांनी एकमताने लिहिलं की पोस्टमनकाका वारले. तो तीन आठवडे आला नव्हता, आणि कुणाच्या तरी आजीने सांगितलं होतं. पान ब्लॉगवर गेलं आणि पोस्टमन सायकलवरून शाळेत आला. तो आजारी होता. त्याला हे कळल्यावर तो बाईंना म्हणाला, “बाई, मयतीला तरी बोलवायचं!” मुलं म्हणाली, पुसून टाकू. बाई म्हणाल्या, “पुसायचं न्हाई. आपुन चुकलो हे बी बराबर हाय. खाली लिव्हा.” तेव्हापासून नियम झाला: चुकलं तर खाली लिहायचं, वरचं राहू द्यायचं.

डिसेंबरात जिल्ह्याच्या साहेबांना कुठून तरी कळलं की आपल्या जिल्ह्यात एक ब्लॉग आहे. त्यांनी त्याचं उद्घाटन करायचं ठरवलं. ब्लॉग ऑगस्टपासून चालू होता, पण उद्घाटन झालं नाही तर सरकारी दृष्टीने वस्तू जन्माला येत नाही. आठ दिवस गाव हललं. शाळेला रंग आला. हात धुण्यासाठी चार नळांची रांग बांधली गेली आणि सकाळी टँकरने वरची टाकी भरली. दोनदा ठरलेल्या दिवशी साहेब आलेच नाहीत; तिसऱ्यांदा आले ते दोन तास उशिरा. वीज नव्हती. संगणकावर फीत बांधलेली होती, ती त्यांनी कापली. मग बंद पडद्याला हार घातला, नळाखाली हात धुतले आणि ‘ग्रामीण भागातील डिजिटल क्रांती’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. मुलं उन्हात बसली होती. ती मोजत होती, हे मला नंतर कळलं.

त्या शनिवारी जे पान गेलं ते मला अजून पाठ आहे. ‘मंगळवारी साहेब आले. त्यांनी ब्लॉगचे उद्घाटन केले. ब्लॉग ऑगस्टपासून आहे. लाईट नव्हती. साहेबांनी बंद संगणकाला हार घातला. चार नळांना पाणी होते. पाणी टँकरचे होते. बुधवारी पाणी नव्हते.’ प्रत्येक वाक्यापुढे नाव. शेवटचं वाक्य अर्चनाचं.

दहा दिवसांनी मला फोन आला. साहेबांचा नव्हे, साहेबांच्या वतीने बोलणाऱ्याचा. “ते पान काढायला सांगा. आणि त्या बाईंचा बदलीचा अर्ज आहे ना आपल्याकडे? आजारपणाच्या कारणाची यादी तयार होतेय. सांभाळून घ्या म्हणावं.” एवढंच. आवाज चढला नाही, दम नाही. आमच्याकडे अशीच भाषा असते.

मी बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. म्हणून मी सांगितलं नाही. एका नमुन्यात ब्लॉगचं नाव आणि पासवर्ड असे दोन रकाने होते. ते बाईंनी प्रामाणिकपणे भरले होते आणि तो कागद माझ्याकडे होता. मी हिंगोलीत बैठकीला गेलो, येताना कॅफेत शिरलो आणि पान काढून टाकलं. दोन मिनिटं लागली. ते लिहायला त्यांना आठवडा लागला होता. बाहेर आल्यावर मी स्वतःला म्हणालो की हे बाईंसाठीच केलं. हे खरंही होतं. सगळं खरं नव्हतं.

शनिवारी बाईंना पान दिसलं नाही. सोमवारी माझी भेट होती. मी टाळू शकलो असतो; दौऱ्याची तारीख लागून गेली होती म्हणून गेलो. बाईंनी नमस्कार केला. “बसा सर. वर्ग चालू हाय.”

फळ्यावर एक वाक्य होतं: ‘आमचे साहेबांचे पान आता ब्लॉगवर नाही.’ त्याला हात वर झालेले होते.

“कोणी काढलं बाई?” अर्चनाने विचारलं.

“पासवर्ड दोघाला ठाऊक हाय,” बाई म्हणाल्या. “मला आन् सरांला. म्या काढलं न्हाई.”

सव्वीस तोंडं मागे वळली. मी म्हणालो, “वरून आदेश होता.”

“आदेश कोणी देला ते न्हाई सर,” अर्चना म्हणाली. “काढलं कोणी?”

“मी.”

“बराबर हाय का?” बाईंनी वर्गाला विचारलं. हात वर गेले. बाई माझ्याकडे बघत होत्या. “सर, तुमी बी वर्गातच बसलेत.” मी हात वर केला. तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो सह्या केल्या. त्यातल्या एकीलाही एवढं वजन नव्हतं.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण एक मुलगा म्हणाला, “काहून काढलं पर?” आणि मला राग आला. माणूस चुकलेला असला की त्याला राग लवकर येतो. मी म्हणालो, “तुमच्या बाईंची बदली अडली असती म्हणून!”

बाईंचा खडू फळ्यावर थांबला. मुलांना यातलं काही माहीत नव्हतं हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

“बाई,” अर्चना म्हणाली, “तुमी जाऊन राहिल्या?”

बाई खुर्चीवर बसल्या. वर्गात त्या बसलेल्या मी क्वचितच पाहिल्या. “व्हय,” त्या म्हणाल्या. “अर्ज केलेला हाय. आमचे मालक खाटंवर हायेत. त्यांला उठता येत न्हाई, आन् दिवसभर घरात कोणी न्हाई.”

“मंग लिव्हायचं का हे?” कुणीतरी विचारलं.

“तुमी सांगा. बराबर आसंल तर लिव्हा.”

वाक्य असं ठरलं: ‘बाईंचे मालक आजारी आहेत. बाईंना हिंगोलीची शाळा पाहिजे.’ एकेक करत हात वर आले. अर्चनाने हात मांडीखाली दाबून धरला होता. बाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“काहून गं?”

“मला न्हाई पाहिजे तुमाला हिंगोलीची शाळा.”

“तुला पाहिजे का ते न्हाई इचारलं, बाय. बराबर हाय का ते इचारलं.”

अर्चना रडायला लागली आणि रडत रडत तिने हात वर केला.

मी बाईंना व्हरांड्यात गाठलं. “बाई, हे टाकू नका. आणि ते पान परत टाकू नका. यादी निघेपर्यंत तरी.”

“सर, मला बदली पाहिजेच,” त्या म्हणाल्या. “तुमाला वाटतं मला न्हाई पाहिजे? मालक दिवसा पाणी पीत न्हाईत, उठवायला कोणी न्हाई म्हणून. पर हे टाकलं न्हाई तर सोमवारी ह्या लेकरांपुढं कोणत्या तोंडानं बराबर हाय का म्हणू?”

त्या शनिवारी त्यांनी दोन्ही पानं टाकली. साहेबांनी ती वाचली की नाही, माहीत नाही. जानेवारीत साहेबांचीच बदली झाली, अर्ज न करता. जाण्यापूर्वी त्यांनी यादीवर सही केली होती. यादीत बाईंचं नाव नव्हतं. पानामुळे की आणखी कशामुळे, मला सांगता येत नाही. ‘पानामुळेच’ असं वाक्य वर्गाने फळ्यावर मांडलं असतं तर माझा हात खाली राहिला असता. बाईंनी याबद्दल मला कधी काही विचारलं नाही. साडेसातची बस त्यांनी चुकवली नाही, आणि शनिवारचा कॅफेही.

एप्रिलमध्ये मालक गेले. शाळेत फोनला रेंज मिळत नसे, म्हणून शेजारणीचा निरोप माझ्यापर्यंत आला आणि मी मोटारसायकल घेऊन गेलो. बाई भागाकार शिकवत होत्या. त्यांना बाहेर बोलावून मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हळू आवाजात विचारलं, “बराबर हाय का सर?” मी मान हलवली. त्यांनी आत जाऊन खडू पेटीत ठेवला, पेटी बंद केली, आणि माझ्यामागे गाडीवर बसल्या.

जूनमध्ये बदलीचा आदेश आला. हिंगोलीतली शाळा, घरापासून चालत पाच मिनिटं. बाईंनी कागद दोनदा वाचला. “आता काहून?” त्या म्हणाल्या. त्यांना बदली रद्द करून हवी होती. मी पत्र वर पाठवलं, या वेळी मनापासून. उत्तर आलं की विनंतीवरून झालेली बदली विनंतीवरून रद्द करता येत नाही. उत्तर नियमाला धरून होतं.

ब्लॉग बाईंबरोबरच थांबला. त्यांच्या जागी आलेल्या गुरुजींना त्यात रस नव्हता, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पासवर्ड माझ्याकडे होता. हिंगोलीला बैठका होत होत्या. कॅफे जागच्या जागी होता. मी गेलो नाही.

बाईंना कार्यमुक्त करायला मीच गेलो होतो. कागदांवर सह्या झाल्या. हारतुरे मी आणले नव्हते. बाईंनी आधीच बजावलं होतं. वर्ग मात्र कामात होता. अर्चना आता चौथीत होती आणि फळ्यापाशी खडू घेऊन उभी होती. तिने वाक्य मांडलं, “बाई गेल्या.” आणि बाईंच्या आवाजात विचारलं, “बराबर हाय का?”

एकही हात वर गेला नाही.

“बाई तर बसल्या हायेत,” मागून एकजण म्हणाला. “गेल्या कशा?”

“मंग ‘बाई जाणार आहेत’ लिव्हू.”

“जाणार कशावरून? मागं साहेब येणार म्हणले व्हते, दोनदा न्हाई आले.”

अर्चनाने बाईंकडे पाहिलं. बाई खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मदत केली नाही. वर्गाने ठरवलं की थांबायचं. खडू हातात धरून अर्चना थांबली, सगळा वर्ग थांबला, आणि बाईही थांबल्या. असा किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. परत वाजवला.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आम्ही जीपमध्ये बसलो. शाळा मागे पडली, गाव मागे पडलं, रस्ता सेनगावकडे वळला. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या,

“आता झालं आसंल बराबर.”